‘आहे’ला गरीब ठरवणाऱ्यांना

मराठी माध्यमातून शिकलेल्या पोरांचं इंग्रजी नेमकं कुठं अडतं, याचं एक तयार निदान हल्ली सगळीकडे मिळतं. स्पोकन इंग्लिशचे वर्ग चालवणारे ते देतात, कंपन्यांत उमेदवार निवडणारे देतात, आणि वाईट याचं वाटतं की मराठीचे काही प्राध्यापकही त्यावर मान डोलावतात. निदान असं : इंग्रजीत असण्याच्या किती छटा! ‘इज’ वेगळं, ‘देअर इज’ वेगळं, ‘एक्झिस्ट्स’ वेगळं, ‘हॅज बीन’ आणखी वेगळं. मराठीत मात्र देव आहे, दगड आहे, ताप आहे आणि मंगळवारही आहे. सगळ्यांना मिळून एकच ‘आहे’. ज्या भाषेला फरक दिसत नाही तिच्यात वाढलेल्या मुलाला तो कसा दिसणार? मग औषध ठरलेलं : मराठीत विचार करणं बंद करा.

या निदानाला माझा विरोध मराठीच्या अभिमानापोटी नाही. अभिमानाने व्याकरण सुटत नाही. निदान साफ चुकलेलं आहे, एवढंच. ते तपासायला पुण्यातलं सभागृह नको, सणसवाडी बरी.

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमा सोडलं आणि शिक्रापूर यायचं असलं की मध्ये लागतं ते शिरूर तालुक्यातलं हे गाव. शेतीचं गाव होतं, कारखान्यांचं झालं. इथली पोरं कंपनीत लागली, आणि मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली माणसं खोल्या करून राहू लागली. आता परभणीकडच्या एखाद्या गावात कुणी विचारतं, “तुमचं पोरगं कुठं असतं?” उत्तर येतं, “सणसवाडीला असतं, कंपनीत.” दिवाळीला तेच पोरगं घरी येऊन पडवीत चहा पीत बसलेलं असेल, तरी पाहुण्याला सांगताना त्याचा बाप त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, “हा सणसवाडीला असतो.” त्या क्षणी तो सणसवाडीला नाही हे सगळ्यांना दिसतंय, आणि वाक्य तरी खरं आहे. कारण ‘असतो’ म्हणजे आत्ता तिथं हजर आहे असं नव्हे. त्याचं रोजचं जगणं तिथं आहे. फोनवर आई “कुठंयस?” विचारते तेव्हा मात्र तो “कंपनीत असतो” म्हणत नाही, “कंपनीत आहे” म्हणतो. सहा वर्षांचं मूलसुद्धा यात गफलत करत नाही.

हेच इंग्रजीत सांगून पाहा. ‘ही इज इन सणसवाडी’ म्हटलं तर समोर बसलेल्या मुलाकडे पाहून ऐकणारा चक्रावेल. इंग्रजीला इथं ‘इज’ सोडून ‘लिव्ज’ किंवा ‘वर्क्स’ असं दुसरंच क्रियापद गाठावं लागतं. ‘आज लाईट नाही’ आणि ‘गुरुवारी लाईट नसते’ या दोन तक्रारी मराठीत क्रियापदावरूनच वेगळ्या कळतात. पहिलीसाठी फोन करायचा असतो, दुसरीसाठी जनरेटर घ्यायचा असतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘देअर इज नो पॉवर’. फरक पाडायचं काम ‘टुडे’ आणि ‘ऑन थर्सडेज’ या शेपट्यांवर. आता सांगा, छटा कुणाला कमी दिसतात? आणि हे वैभव मराठीचं एकटीचं नाही. शेजारच्या मशीनवर उभा असलेला बिहारचा कामगारही ‘है’ आणि ‘होता है’ यांत हाच भेद करतो.

खुद्द इंग्रजीतही तो होता. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत असण्याची दोन क्रियापदं होती, ‘वेसन’ आणि ‘बेओन’. आत्ताच्या स्थितीला साधारणपणे पहिलं चाले. नेहमीच्या सत्याला आणि पुढच्या काळाला दुसरं. पुढे ती एकमेकांत मिसळली आणि आजच्या इंग्रजीत त्यांची मोडकीतोडकी रूपं एकाच क्रियापदाच्या तक्त्यात दाटीवाटीने बसली आहेत. ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’, ‘बी’ ही एकमेकांसारखी का दिसत नाहीत, असं एखाद्या पोराने विचारलं तर खरं उत्तर हे आहे. बहुतेक वर्गांत मात्र उत्तर मिळतं, “पाठ कर.”

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत हा भेद आजही बोलला जातो. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतोय असं नाही. तो कामाला असतो. आपला ‘असतो’च तो. शाळांनी अनेक वर्षं याला अशुद्ध, आळशी इंग्रजी म्हणून झोडपलं. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावच्या काही कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने त्यांच्या पालकांनी शाळा-मंडळावर दावा लावला, आणि 1979 साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला : शिक्षकांनी मुलांची घरची भाषा विचारात घेतली नाही, हा मुलांच्या शिक्षणातला अडथळा आहे, मंडळाने शिक्षकांना ती ओळखायला शिकवावं. मुलांना ती विसरायला लावा, असं न्यायाधीशांनी म्हटलं नाही. प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवायचं तर मुलाच्या तोंडात आधी काय आहे हे शिकवणाऱ्याला माहीत हवं, इतकाच साधा मुद्दा. आपल्याकडे मराठीबद्दल एवढं म्हणायलाही शिक्षक कचरतात.

बरं, ‘आहे’ आणि ‘असतो’वर गोष्ट संपत नाही. ‘सजीवांचा अभ्यास करणारं शास्त्र म्हणजे जीवशास्त्र होय’ हे वाक्य प्रत्येकाने शाळेत घोकलं आहे. तिथं ‘आहे’ का नाही? कारण तिथं कशाचं असणं सांगायचं नाही. हे आणि ते एकच, असं सांगायचं आहे. त्याचा नकार ‘नव्हे’. ‘इथं फाटा नाही’ म्हणजे फाटा अजून पुढे आहे. ‘हा फाटा नव्हे’ म्हणजे हा रस्ता आहे खरा, पण तुम्हाला हवा तो नाही. शहरी मराठीत ‘नाही’ने ‘नव्हे’ला बरंच मागे ढकललं आहे हे कबूल, पण शिरूरकडच्या म्हाताऱ्याच्या तोंडी ‘न्हवं’ अजून ठणठणीत आहे. त्याशिवाय ‘ओढ्याला पाणी असे’ यातला सरून गेलेला रिवाज, ‘असेल कंपनीत’ यातला अंदाज, ‘असावा’ यातला पुराव्यावरचा तर्क. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चं. तेव्हापासून तरी हे सगळं मराठीत छापील उपलब्ध आहे. ‘एकच आहे’ म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी ते कपाटातून काढावं.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, भेद असतील, पण पोरं इंग्रजीत चुकतात त्याचं काय? चुकतात. कशी चुकतात तेच पाहू, कारण माझ्या मते त्यांची चूकच त्यांच्या बाजूने साक्ष देते.

पाळी बदलताना वहीत नोंद होते : ‘ऑइल लीकेज इज देअर’. मीटिंगमध्ये कुणी म्हणतं, ‘वन प्रॉब्लेम इज देअर, सर’. यावर हसण्याची पद्धत आहे. ‘देअर म्हणजे कुठं?’ हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो करणाऱ्याचीच कीव येते. पण तोच पोरगा ‘मशीन गरम आहे’ला काय लिहितो? ‘मशीन इज हॉट’. तिथं तो ‘मशीन इज देअर हॉट’ कधीही लिहीत नाही. म्हणजे ‘गरम आहे’ आणि ‘गळती आहे’ यांतले दोन ‘आहे’ त्याला वेगळे दिसले. पहिला नुसता जोडणारा, दुसरा एखादी गोष्ट आहे असं सांगणारा. दुसऱ्याला एकटं ‘इज’ पुरत नाही, त्याला ‘देअर’ची जोड हवी, इथपर्यंत तो बिनचूक पोचला. फक्त त्याने ही जोडी वाक्याच्या शेवटी ठेवली, कारण मराठीत ‘आहे’ शेवटी येतो. ज्याला फरक दिसत नाही त्याच्या हातून ही चूक होऊच शकत नाही. त्याच्या हातून ‘प्रॉब्लेम इज’ असं अर्धवट वाक्य झालं असतं.

त्याला सांगायला हवं होतं ते एवढंच, की ‘देअर’ पुढे का येतो. इंग्रजीला कर्त्याची जागा मोकळी ठेवलेली खपत नाही, आणि ऐकणाऱ्याला नवी असलेली वस्तू तिला सुरुवातीलाच सांगून टाकणं आवडत नाही. म्हणून तिथं ‘देअर’ बसतो : एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे. प्रवासी मागून येतोय. म्हणूनच ‘देअर’चा अर्थ ‘तेथे’ असा लिहून देणं ही या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात आहे. ‘देअर इज अ लीक निअर द प्रेस’चं भाषांतर ‘तेथे प्रेसजवळ गळती आहे’ असं करून घेणारे गाइड आणि शिक्षक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्या वाक्यात ‘तेथे’ कुठंच नाही. पोराला ‘तेथे’ शिकवायचं आणि तो ‘देअर’ जागेच्या शब्दासारखा शेवटी लिहू लागला की त्याच्या मातृभाषेला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

आणि नवं-जुनं सांभाळण्याची ही रीत मराठीत नाही असं कुणी म्हणू नये. ‘सणसवाडीत कंपनी आहे’ आणि ‘कंपनी सणसवाडीत आहे’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. शब्द तेच. पहिलं अशा माणसाला सांगायचं ज्याला कंपनीच माहीत नाही. दुसरं त्याला, ज्याला कंपनी माहीत आहे पण तिचा पत्ता माहीत नाही. इंग्रजीत पहिलं ‘देअर इज अ कंपनी इन सणसवाडी’, दुसरं ‘द कंपनी इज इन सणसवाडी’. ‘देअर’ कुठं घालायचा आणि ‘अ’ की ‘द’, ही दोन्ही कोडी मराठी शब्दक्रमावरून सुटतात. बोलताना जे नाम ‘आहे’ला चिकटून आपोआप येतं ते नवं. बरीचशी रोजची वाक्यं या एका कसोटीवर उतरतात. तरी ‘मराठीत विचार करू नका’! अहो, मराठीत विचार केला म्हणून तर उत्तर सापडलं.

आता ‘एक्झिस्ट’. हा शब्द भारदस्त असल्यामुळे अर्जात, अहवालात तो ‘इज’पेक्षा शोभतो, अशी समजूत क्लासवाल्यांनी रुजवली आहे. त्यातून ‘अवर कंपनी एक्झिस्ट्स इन सणसवाडी’ अशी वाक्यं जन्माला येतात. व्याकरणाने त्यात बोट ठेवायला जागा नाही, पण वाचणारा मनात म्हणतो, का हो, कुणी शंका घेतली होती का? हा शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ बाहेर येऊन उभं राहणं, दिसू लागणं. जिथं एखाद्या गोष्टीच्या असण्याबद्दलच वाद असू शकतो तिथं तो हवा. पत्ता सांगायला नको.

मराठीत याला शब्द नाही, असं इथं हमखास म्हटलं जातं. शब्द नसेल, पण जागा पक्की आहे. ‘ती कंपनी सणसवाडीत नाही’ म्हणजे ती चाकणला असेल. ‘अशी कंपनीच नाही’ म्हणजे ‘नो सच कंपनी एक्झिस्ट्स’. ‘अशी’ आणि ‘च’, दोन इवले तुकडे, आणि सगळा ‘एक्झिस्ट’ त्यात आला. गावात याहूनही नेमकी भाषा आहे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, मोजणीला माणूस येतो, आणि शेतकरी सांगतो, “कागदावर विहीर आहे, जाग्यावर नाही.” नोंद आणि वस्तू यांतला हा फरक ‘द वेल एक्झिस्ट्स ओन्ली ऑन पेपर’ या वाक्यात तसाच उतरतो. शिकवणाऱ्याने ‘जाग्यावर’ हा शब्द फळ्यावर लिहिला तर ‘एक्झिस्ट’ कधी वापरायचा हे वेगळं सांगायला लागू नये.

सरकारी मराठीने मात्र इथं पोरांची वाट बिकट केली. ‘अस्तित्व’ हा शब्द ‘अस्ति’ला ‘त्व’ लावून झाला, म्हणजे ‘आहेपणा’. ‘अस्तित्वात आहे’ म्हणजे आहेपणात आहे! नोंद आणि जागा यांच्यात तफावत असेल तेव्हा, किंवा कायदा, संस्था ‘अस्तित्वात आली’ म्हणताना, हा प्रयोग रास्त आहे. पण ‘अस्तित्वातील रस्ता’, ‘अस्तित्वातील पाण्याची टाकी’? टाकीवर पोरं चढून पतंग काढतायत, तिच्या अस्तित्वाचा दाखला कशाला? ‘सध्याचा रस्ता’, ‘असलेली टाकी’ म्हटलं तर नकाशाचं काही बिघडत नाही. हे ‘अस्तित्वातील’ इंग्रजी ‘एक्झिस्टिंग’वरून शब्दाला शब्द ठेवून आलं, आणि ते वाचत वाढलेला मुलगा इंग्रजी लिहिताना प्रत्येक ‘आहे’ला ‘एक्झिस्ट’ लावू लागला. म्हणजे मूळ मराठीने त्याला फसवलं नाही, भाषांतराच्या मराठीने फसवलं.

असण्याबद्दल बोलताना शब्द किती जपून वापरावा, हे शिकायला आम्हाला परदेशी पाठ्यपुस्तक लागतं याची गंमत वाटते. सणसवाडीहून फार लांब नसलेल्या आळंदीत ज्याची समाधी आहे त्या ज्ञानदेवाने ‘अमृतानुभवा’चं एक अख्खं प्रकरण ‘सत्’, ‘चित्’, ‘आनंद’ या तीन पदांच्या झडतीला दिलं आहे. तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा : ‘सत्’ हा शब्द ब्रह्माला काही नवीन देत नाही, तो फक्त ‘असत् नव्हे’ एवढं सांगून बाजूला होतो. शंका आली तरच असण्याचा उच्चार करायचा. ‘एक्झिस्ट’च्या वापराचा याहून चांगला नियम मला कुठल्या इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडलेला नाही, आणि हे तेराव्या शतकातलं मराठी आहे.

प्रतिपक्षाचं एक म्हणणं मात्र खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी मराठी एकत्र ठेवते ते इंग्रजी तोडते. ‘मी इथं तीन वर्षांपासून आहे’ हे ‘आय ॲम हिअर सिन्स थ्री इयर्स’ होऊन बाहेर पडतं. इंग्रजीला तिथं ‘हॅव बीन’ आणि ‘फॉर’ लागतं, आणि याला मराठीत सरळ जोड नाही. ते घोटावंच लागेल. कुठं याच्या उलट : ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘माझ्याकडे गाडी आहे’ यांना इंग्रजी एकाच ‘हॅव’खाली घालते, आणि तिथं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐकू येतं. (भावाला ‘मला’ आणि गाडीला ‘माझ्याकडे’, हा मराठीतला बारकावा त्या ‘हॅव’मध्ये चिरडला जातो, ते जाऊ द्या.)

पण सगळ्यांत बोचरी जागा वेगळीच आहे, आणि तिच्यावर कुठलाच क्लास बोलत नाही. मराठीत ‘आहे’ म्हणजे जिवंत आहे. “आजी आहेत का?” या प्रश्नाचा अर्थ आजी घरात आहेत का असाही होतो आणि हयात आहेत का असाही, कुठला ते विचारणाऱ्याच्या सुरावरून कळतं. ‘वडील नाहीत’ म्हटलं की पुढे कुणी ‘कुठं गेलेत?’ विचारत नाही. सणसवाडीच्या एखाद्या कंपनीत मुलाखत देणारा मुलगा हेच ‘माय फादर इज नॉट देअर’ असं म्हणतो. समोरचा इकडचा असेल तर ओळखतो, गप्प होतो. बाहेरचा असेल तर विचारतो, ‘ओह, व्हेअर इज ही?’ इथं ‘इज नो मोअर’, ‘पास्ड अवे’ हे शब्द मुलाला दिलेले असायला हवेत. ‘एक्झिस्ट’ इथं चालत नाही, ‘लिव्हिंग’, ‘अलाइव्ह’ चालतं, हेही. पण ते कळायला शिकवणाऱ्याला आधी हे माहीत हवं की मराठीतला ‘नाही’ मृत्यूसुद्धा पेलतो.

राहिलं ‘मराठीत विचार करू नका’ हे औषध. नुसतं इंग्रजी वाढवून काय होतं, याचा प्रयोग आपण मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून असे. त्या निर्णयाला माझा आजही पाठिंबा आहे, गावातल्या पोराला इंग्रजी लवकर मिळायलाच हवं होतं. पण वर्षं वाढली तरी शिकवण्याची रीत तीच राहिली : ‘देअर’ म्हणजे ‘तेथे’, ‘एक्झिस्ट’ म्हणजे ‘अस्तित्वात असणे’, आणि बाकी पाठांतर. पहिलीपासून इंग्रजी शिकलेला मुलगाही वहीत ‘लीकेज इज देअर’ लिहितोय, तर कमी काय पडलं? वर्षं नक्कीच नाहीत.

यावर शेवटचा आक्षेप व्यवहाराचा असतो : कंपनीतल्या पोराला संध्याकाळी दीड तास मिळतो, त्यात मराठीचं व्याकरण काय शिकवत बसायचं? शिकवायचं नाहीच. ते त्याला येतं. त्याने इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी फक्त विचारायचं : तुला ‘आहे’ म्हणायचंय की ‘असतं’? ‘सणसवाडीत कंपनी’ की ‘कंपनी सणसवाडीत’? ‘नाही’ की ‘अशी नाहीच’? तो चटकन सांगेल, आणि पहिल्या उत्तरावर ‘इज’ की ‘लिव्ज’, दुसऱ्यावर ‘देअर इज’ की नुसतं ‘इज’, तिसऱ्यावर ‘इज नॉट’ की ‘डझन्ट एक्झिस्ट’ हे ठरेल. दीड तासातली दहा मिनिटं जातील. उरलेला वेळ ‘हॅव बीन’ घोटायला आहेच.